माळ्यावरचा रेडिओ

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत अजून काही वस्तू अशा आहेत की ज्या कोणी वापरत नाही आणि टाकूनही देत नाही. पितळी समई, घंगाळ, आजोबांची रुमी टोपी ठेवायची पेटी, आणि त्यांच्याच शेजारी जुनेर गुंडाळून ठेवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ. सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा या भागांतल्या घरांतून मी असे कितीतरी संच पाहिले आहेत. बंद का पडला, हे घरात कोणाला ठाऊक नसते. ‘चांगला वाजत होता हो, मग ट्रान्झिस्टर आला,’ एवढेच उत्तर मिळते.

हे संच दुरुस्त करण्याचा मला जुना नाद आहे. त्यातला एक संच बिदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवरचा होता. त्याच्या निमित्ताने चार गोष्टी सांगाव्यात, काही यंत्राच्या आणि काही माणसांच्या, असे बरेच दिवस मनात होते. जुना रेडिओ उघडला की त्यातून केवळ तारा आणि धूळच निघते असे नाही. कोणत्या घराने कोणत्या काळात काय ऐकले, कोणाचा आवाज जवळचा मानला, हेही त्यातून निघते.

संस्थानांचा आवाज

आपल्या इकडच्या रेडिओचा इतिहास मुंबई-दिल्लीच्या इतिहासाहून थोडा वेगळा आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले हे सर्वांना ठाऊक असते. पण १९४७ साली स्वातंत्र्य आले तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रे आली आणि त्याखेरीज पाच केंद्रे संस्थानांच्या मालकीची होती, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद ही ती पाच. म्हणजे पाचांतली दोन एकट्या निजामाच्या राज्यात होती.

हैदराबादचे डेक्कन रेडिओ ३ फेब्रुवारी १९३५ रोजी सरकारी केंद्र म्हणून बोलू लागले. त्याची ताकद आरंभी अवघी २०० वॅट होती. आज घरातला एक मिक्सर त्याहून जास्त वीज खातो! मुख्य भाषा अर्थातच उर्दू. तेलुगू, मराठी आणि कन्नड यांना त्यामानाने थोडा थोडा वेळ. तरीही बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांतल्या मराठी माणसाला आपल्या राजधानीतून आपली भाषा ऐकू येण्याची ती पहिली सोय. या केंद्राने पाहिलेला सर्वांत मोठा दिवस १७ सप्टेंबर १९४८ चा. भारतीय फौजा १३ तारखेला हद्दीत शिरल्या होत्या. पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याची घोषणा याच केंद्रावरून केली. पुढे १ एप्रिल १९५० पासून हे केंद्र आकाशवाणीत सामील झाले आणि डेक्कन रेडिओ हे नाव संपले.

ज्या संचाची गोष्ट सांगायची आहे तो यानंतरचा, १९५२ सालचा आहे. आळंद तालुक्यातल्या एका मराठी कुटुंबाचे कर्ते गृहस्थ तेव्हा गुलबर्ग्यात वकिली करीत. घरी वीज होती. हैदराबादेत आबिद रोडवर हा संच घेऊन ते रेल्वेने गुलबर्ग्याला आले. मांडीवर मूल घ्यावे तसा तो सगळ्या प्रवासात मांडीवर होता, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. या सूनबाई आता नव्वदीच्या घरात आहेत आणि सारे त्यांना माई म्हणतात. वकिली थांबल्यावर बिऱ्हाड आळंदकडच्या वाड्यात परत गेले, त्याबरोबर रेडिओही गेला आणि माळ्यावर चढला. २०१८ साली त्यांचा नातू माझ्याकडे आला तो वेगळेच काम घेऊन. त्याला लाकडी पेटी तेवढी ठेवून आतले सगळे काढून टाकायचे होते आणि त्या जागी मोबाइलवर चालणारा ब्लूटूथचा स्पीकर बसवायचा होता. ‘आतलं काय करायचं ते तुम्ही करा, काका,’ तो म्हणाला. मी म्हटले, आधी आत काय आहे ते पाहू, मग ठरवू.

आतला कागद

मागचा पुठ्ठा काढला तेव्हा पहिल्यांदा दिसली ती तांबडी माती. बिदरच्या पठाराची जांभ्याची माती किती बारीक असते हे तिकडे राहिलेल्यालाच कळेल. व्हॉल्व्हच्या काचांवर तिचा गेरूसारखा थर बसला होता. एका कोपऱ्यात उंदराने कापसाचे घर केले होते. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेला एक कागद होता.

त्या कागदावर तीन लिप्या होत्या. सर्वांत वर वकीलसाहेबांच्या हातची मोडी: संच कधी घेतला, किती रुपयांना घेतला, एरिअल किती फूट उंच बांधली. त्याखाली दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या उर्दू नोंदी: कोणत्या साली कोणता व्हॉल्व्ह बदलला. शेवटच्या दोन ओळी कन्नडात, बहुधा पुढच्या पिढीतल्या दुसऱ्या मिस्त्रीच्या. व्हॉल्व्हचे आकडे मात्र तिघांनीही रोमन अक्षरांतच लिहिले होते. माझ्या दृष्टीने ही त्या संचाची जन्मपत्रिकाच होती. एका कागदावर तीन माणसांनी आपापल्या लिपीत एकाच यंत्राची काळजी वाहिली होती, आणि तीनही लिप्या वाचू शकेल असे आज त्या घरात कोणी नव्हते. नातवाला मोडी येत नाही, मला कन्नड अडखळत येते. तो कागद पाहून नातू बराच वेळ गप्प बसला. ब्लूटूथचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

आधी प्लग लावू नका

जुना रेडिओ सापडला की घरातला कोणीतरी उत्साही माणूस पहिले काम करतो ते म्हणजे प्लग लावून पाहणे. वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हे कधीही करू नये. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या संचात वीज एकदम सोडली तर जे भाग वाचण्यासारखे होते तेही पहिल्या मिनिटात जळतात.

शिवाय जिवाचाही धोका आहे. त्या काळात गावोगावी वीजपुरवठा एकसारखा नव्हता, कुठे ए.सी., कुठे डी.सी. म्हणून दोन्हींवर चालणारे संच पुष्कळ खपत. अशा संचात ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची एक तार सरळ चासीला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर तो सांगाडा २३० व्होल्टांचा होतो. बाहेरची पेटी लाकडाची किंवा बेकेलाइटची असते आणि गुंड्या प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे वापरणाऱ्याला एरवी कळत नाही. पण एखादी गुंडी निघालेली असेल आणि पोराने उघड्या दांड्याला हात लावला, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून असा संच उघडून काम करणाराने मधे एकास एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच. तो नसेल तर हे काम जाणत्याकडे द्यावे. ‘मला सवय आहे’ म्हणणारी माणसेच शॉक खातात.

आळंदचा संच याच जातीचा, पाच व्हॉल्व्हचा होता. यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१. ही नावे चमत्कारिक वाटतील, पण त्यांत अर्थ आहे. पहिले अक्षर ‘यू’ म्हणजे या व्हॉल्व्हचे तापणारे तंतू १०० मिलिअँपिअरवर चालतात आणि पाचही एकापुढे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे. त्यांना अनुक्रमे १४, १२.६, १४, ४५ आणि ३१ व्होल्ट लागतात. बेरीज सुमारे ११७ होते. घरात येतात २३०. उरलेले ११३ व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये जिरवावे लागतात. तो साधारण ११३० ओहमचा असतो आणि अकरा वॅटांची नुसती उष्णता बाहेर टाकतो. हिवाळ्यात मांजर रेडिओवर जाऊन बसे ते याच उबेसाठी! काही संचांत हा रेझिस्टन्स विजेच्या दोरीतच गुंफलेला असतो. दोरी लांब वाटते म्हणून ती कापून आखूड केली की रेझिस्टन्स कमी होतो आणि व्हॉल्व्ह उडतात. असे झालेले संच मी पाहिले आहेत.

माळेतला एक दिवा गेला की सारी माळ विझते. इथे तसेच झाले होते. मीटर लावून एकेक व्हॉल्व्ह तपासला तेव्हा यूवाय ४१ चा तंतू तुटलेला निघाला. माळ्यावर चढण्याचे कारण एवढेच! एक व्हॉल्व्ह बदलायचा राहिला आणि संच चार दशके मुका झाला. कोठीच्या गुजराती गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराला हा आकडा सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, ‘मियाँ, ये नाम लेने वाले भी अब दो-चार रह गए.’ तरी फळीच्या मागून त्याने डबा काढला आणि जुन्या पिवळ्या खोक्यातला न वापरलेला व्हॉल्व्ह दिला. व्हॉल्व्ह न वापरता ठेवला तर साठ वर्षांनीही चांगला निघू शकतो. त्याच्या आत निर्वात पोकळी आहे, हवा नाही; तेव्हा गंजण्याचा प्रश्नच येत नाही.

मेण आणि कागद

खरे म्हातारपण येते ते कंडेन्सरांना. त्या काळचे पुष्कळसे कंडेन्सर म्हणजे कागद आणि धातूचा वर्ख यांची सुरळी, वरून मेण ओतलेले. कागद वर्षानुवर्षे दमट हवा पितो आणि मग जिथे वीज अडायला हवी तिथून ती झिरपू लागते. गंमत अशी की साध्या मीटरवर हा दोष दिसत नाही. मीटरच्या आत थोड्या व्होल्टांचा सेल असतो. तेवढ्या दाबाला कंडेन्सर अगदी शहाण्यासारखा वागतो. दोनशे व्होल्ट लावले की त्याचे खरे रूप दिसते. माणसाचेही असेच असते म्हणा!

या साऱ्यांत एक कंडेन्सर असा आहे की दुसरे काही नाही बदलले तरी तो बदलल्यावाचून संच चालू करू नये. यूबीसी ४१ कडून आलेला आवाज तो शेवटच्या यूएल ४१ ला पोचवतो. किंमत फार तर दहा-पंधरा रुपये, मान ०.०१ मायक्रोफॅरड. त्याचे काम आवाज पुढे सोडणे आणि मागचा मोठा व्होल्टेज अडवणे हे आहे. तो झिरपला की यूएल ४१ च्या ग्रिडवर धन व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह लगामाबाहेर जातो आणि वाजवीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. आवाज आधी फाटका येतो, मग व्हॉल्व्ह लाल होतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. दहा रुपयांच्या वस्तूपायी हजारांचे नुकसान, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणेही कठीण. म्हणून मेणाचे सगळे कंडेन्सर मी आधीच काढले. नवे पॉलिएस्टरचे कंडेन्सर आकाराने फार लहान असतात. जुन्या नळ्यांतले मेण तापवून काढले, नवे आत घातले आणि दोन्ही तोंडे पुन्हा मेणाने बंद केली. बाहेरून पाहणाऱ्याला चासी १९५२ चीच दिसते. हा देखणेपणाचा सोस आहे, त्यावाचून संच काही अडत नाही. पण पुढे कोणी तो उघडील तेव्हा जुनी मांडणी त्याला कळावी, हाही हेतू आहे. गुणगुण थांबवणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदलले. ते सुकले की स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज येत राहतो.

मग साठ वॅटचा साधा दिवा संचाच्या वाटेत जोडला आणि वीज सोडली. आत कुठे शॉर्ट असेल तर हा दिवा लख्ख पेटतो आणि संच वाचतो. सारे ठीक असेल तर तो आधी जरा उजळतो आणि तंतू तापले की मंद होतो. आमचा दिवा मंद झाला. व्हॉल्व्हच्या काचांमागे नारिंगी उजेड आला. दिवा काढून संच पुऱ्या व्होल्टेजवर घेतला; पावणेदोनशेच्या आसपास डी.सी. मिळू लागले, यूएल ४१ च्या ग्रिडवर शून्य. स्पीकरला कान लावला तर बारीक सळसळ. म्हणजे संच जिवंत होता, पण एकही केंद्र लागेना.

अशा वेळी शोध मागून पुढे, म्हणजे स्पीकरकडून एरिअलकडे घ्यावा. आवाजाची गुंडी जिथे जोडली आहे तिथे सिग्नल सोडला, तर स्पीकर ठणठणीत बोलला. मधला आय.एफ.चा भागही ठीक. राहिला तो पहिला व्हॉल्व्ह. त्याचे अर्धे काम संचाच्या आत स्वतःची एक लहर निर्माण करण्याचे असते. ती लहर बंद असेल तर बाहेरचे जग कितीही बोलो, संच बहिराच. हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. जवळ एक छोटा ट्रान्झिस्टर ठेवावा. जुन्या संचाचा काटा ६०० किलोसायकलवर असेल तर त्याची आतली लहर ४५५ ने वर, म्हणजे १०५५ च्या सुमारास असते. ट्रान्झिस्टर तिथे फिरवला तर शीळ ऐकू यायला हवी. (काही संचांत हा आकडा ४७० असतो, म्हणून थोडे इकडेतिकडे पाहावे.) आमच्या संचाची शीळ नव्हती. लहरींच्या स्विचची टोके साफ केली, तरी नाही. अखेर त्या भागाला व्होल्टेज देणारा रेझिस्टन्स मोजला. रंगाच्या पट्ट्यांप्रमाणे तो बावीस हजार ओहमचा होता. मीटर दोन लाखांच्या वर दाखवीत होता. जुने कार्बनचे रेझिस्टन्स असेच वयाबरोबर चढतात, बाहेरून मात्र नव्यासारखे दिसतात. तो बदलून डाग दिला, वीज सोडली आणि ट्रान्झिस्टरमधून शीळ आली. काटा फिरवताच तेलुगू बातम्यांचा आवाज खोलीभर झाला.

आय.एफ.चे स्क्रू मी फिरवले नाहीत. कारखान्यात बसवलेले ते जमलेले आहेत तोवर त्यांना हात लावू नये. हौशी माणसे आधी तेच फिरवतात आणि मग संच कधीच नीट लागत नाही.

काचेवरची गावे

एक इशारा काचेविषयी. ज्या पट्टीवर केंद्रांची नावे असतात ती नावे काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. साबणाचे पाणी किंवा स्पिरिट लावून पुसली की लंडन, कोलंबो, दिल्ली, मुंबई क्षणात फडक्यावर येतात आणि काच कोरी होते. पुढची बाजू ओल्या फडक्याने पुसावी. मागची फार तर मऊ कोरड्या ब्रशाने झाडावी. नाव गेले तर ते परत आणता येत नाही.

या काचेवर माईंच्या सासऱ्यांनी कागदाचे तीन बारीक तुकडे चिकटवले होते. हैदराबाद, धारवाड आणि पुणे. धारवाडचे केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्या घराचे सारे भूगोलशास्त्र या तीन तुकड्यांत होते. राजधानी हैदराबाद, गाणे धारवाडचे, भाषा पुण्याची. आणि गाण्यात तर कन्नड-मराठी असा भेद कोणी केलाच नव्हता. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी मराठी रंगभूमी गाजवली. गदग भागातले भीमसेन जोशी मराठी अभंग गाऊन घरोघर पोचले. सरहद्दीवरच्या घराला यात काही नवल वाटत नसे.

पुणे लागायला कठीण. १ एप्रिल १९५५ पासून पुण्याहून गीतरामायण सुरू झाले तेव्हा सकाळी ते ऐकण्यासाठी वकीलसाहेबांनी एरिअलचा बांबू आणखी उंच केला. माई सांगतात, ‘कधी लागायचं, कधी नुसतं खरखर. पण मामंजी उठायचे नाहीत. खरखरीतसुद्धा ओळखू येतं म्हणायचे.’ याला शास्त्रीय कारण आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि लांब गेल्या की क्षीण होतात. वातावरणाच्या वरच्या भागातला जो थर दिवसा त्यांना शोषून घेतो तो सूर्य मावळल्यावर विरतो, आणि मग त्याच लहरी अधिक वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जातात. म्हणून पुणे रात्री स्वच्छ लागे आणि सकाळी अडखळे. अर्थिंगही महत्त्वाचे. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून माई रोज त्यात तांब्याभर पाणी ओतीत. ती अर्थची तार संचाच्या मागच्या खाचेत, आतल्या कंडेन्सरमधून जाते. अशा संचात ती सरळ चासीला कधीही जोडू नये, कारण वर सांगितलेच.

१ नोव्हेंबर १९५६ चा दिवस या कुटुंबाने याच संचासमोर बसून घालवला. भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्य संपले. गुलबर्गा आणि बिदर जिल्ह्यांचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला. बिदरचेच उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगल आंध्रात. माईंची नणंद उदगीरला दिलेली. आदल्या दिवशीपर्यंत दोन्ही घरे एका राज्यात होती, दुसऱ्या दिवशी दोन राज्यांत झाली. ‘मुलगी तिथेच, सासर तिथेच, तरी मामंजी बातम्या संपल्यावर म्हणाले, आज आपली पोर परगावी गेली.’ हे माईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. एवढ्या वर्षांत ते आटले होते. सीमेच्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण तो वाद ज्यांच्या घरातून गेला त्यांना रेडिओ काय होता, हे आपल्यासारख्या मराठी मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागू नये. गुलबर्ग्याला १९६६ साली स्वतःचे केंद्र मिळाले. ते कन्नडचे, आणि त्या घराने तेही आवडीने ऐकले. मुले कन्नड शाळेत शिकत होती. पण काचेवर चौथा कागद चिकटवायला वकीलसाहेब तेव्हा हयात नव्हते.

उरलेला वेळ

संच घेऊन मी स्वतः आळंदकडे गेलो. रात्री नऊच्या सुमारास लावला. आधी कन्नड लागले, मग तेलुगू, मग काटा हळूहळू सरकवताना मराठी निवेदन. परभणीचे केंद्र होते. माईंना हल्ली कमी ऐकू येते. त्यांनी जवळ येऊन पेटीच्या कापडावर हात ठेवला आणि स्पीकरची थरथर हाताला लागू दिली. ‘गरम झालाय,’ एवढेच म्हणाल्या. नातवाने नंतर एक गोष्ट मात्र विचारली आणि ती योग्य होती: ‘काका, हा दुरुस्त झाला खरा, पण याच्यावर ऐकायचं काय आणि किती दिवस?’

या प्रश्नाला गोड उत्तर नाही. बी.बी.सी.ची लघुलहरींवरची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. आकाशवाणीची मध्यम लहरींची कितीतरी प्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत बंद झाली किंवा एफ.एम.कडे वळली. या जुन्या संचांना एफ.एम. कळत नाही. दिवसेंदिवस काचेवरची गावे मुकी होत जाणार. संच धडधाकट आणि हवा मात्र रिकामी, अशी वेळ बऱ्याच ठिकाणी आलीही आहे. त्यावर एक तोडगा आहे. मोबाइलवरचा आवाज मध्यम लहरीवर चढवून खोलीपुरता सोडणारे छोटे यंत्र मिळते, जाणकाराला करताही येते. त्याची ताकद खोलीबाहेर जाणार नाही इतकीच ठेवावी.  त्यावर जुनी गीते लावली तर व्हॉल्व्हचा तो भरीव, किंचित मऊ आवाज पुन्हा ऐकता येतो. आळंदच्या घरी आता ते बसवले आहे. नातवाला ब्लूटूथ हवा होता, तो मिळाला. आणि संचाचे पोटही फाडावे लागले नाही.

पेटी रिकामी करून शोभेची वस्तू करणे हा हल्लीचा रिवाज आहे. त्यात पाप नाही. जळून गेलेल्या, उंदरांनी खाल्लेल्या संचाचे दुसरे काही होतही नाही. पण बहुतेक संच तसे नसतात. एखादा तंतू, दोन-चार कंडेन्सर, एक चढलेला रेझिस्टन्स यांवर ते अडलेले असतात. व्हॉल्व्ह अजून मिळतात. हे काम जाणणारी माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत, आणि तीच खरी टंचाई आहे. तेव्हा आपल्या माळ्यावर असा संच असेल तर त्याला प्लग लावू नका, काच पुसू नका, मागचा पुठ्ठा फेकू नका. परवान्याचे पुस्तक, पावत्या, आत चिकटवलेले चिटोरे जपून ठेवा. पोस्टात दरसाल पैसे भरून घेतलेला तो परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला, पण त्यावर आपल्या घरातल्या कोणाचे तरी नाव आहे. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, यावर आपण काय ऐकत होतो. यंत्र पुढच्या वर्षीही दुरुस्त करता येईल. हे उत्तर पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.

आळंदच्या संचातला कागद मी होता तिथेच ठेवला आहे. कन्नड ओळींच्या खाली जागा होती. तिथे २०१८ साल, बदललेल्या भागांची यादी आणि यूवाय ४१ हा आकडा बाळबोधीत लिहून ठेवला आहे. पुढे जो कोणी तो पुठ्ठा उघडील त्याच्यासाठी त्याखाली अजून दोन बोटे जागा शिल्लक आहे.